जेवणाच्या सुट्टीआधीचा निकाल

पेणकरपाडा, मिरा रोड
६ जानेवारी २०२५

आदरणीय टिपणीस साहेब,

माझा नमस्कार. अक्षर ओळखीचं वाटणार नाही. तीन वर्षं मी तुमच्यासमोर बसून रोज लिहीत होतो, पण त्या सगळ्या लघुलिपीच्या रेघोट्या. साधं अक्षर तुम्ही पाहिलंत ते फक्त माझ्या रजेच्या अर्जावर, आणि तेही बहुधा न वाचता नामंजूर करताना. मी आत्माराम पाष्टे, तुमचा स्टेनो. बदल्या तुम्हा साहेब लोकांच्या होत, आमच्या नाहीत. बारा साहेब आले नि गेले, मी त्याच खुर्चीत बसून रिटायर झालो. रोह्याचा तुमचा पत्ता जुन्या शिरस्तेदारांकडून मिळाला. फोन करणार होतो, पण तुम्हाला हल्ली ऐकू कमी येतं असं कळलं. शिवाय फोनवर तुम्ही "बरं, बघू" म्हणाला असता. पत्राला तसं म्हणता येत नाही.

एका निकालाबद्दल विचारायचं आहे. २१ नोव्हेंबर २०१३. उत्तनच्या गोदूबाई कोळी आणि त्यांच्या जावयाचा दावा. गोदूबाईंची मुलगी मंदा वारली तेव्हा नात इशिता दोन वर्षांची होती. जावयाने दुसरं लग्न केलं, पाच वर्षं पोरीकडे फिरकला नाही, आणि मग ताबा मागायला कोर्टात आला. तुम्ही इशिता बापाला दिलीत. महिन्यातून एकदा आजीची भेट असा आदेश होता, पण तो वर्षभरात सुरतला गेला आणि भेटी तिथेच संपल्या.

साहेब, निकाल आधी आणि कारणं मागाहून, ही तुमची पद्धत मला ठाऊक होती. सगळ्याच साहेबांची असते. तुम्ही निदान लपवत नव्हता. आधी शेवटचा आदेश सांगायचात, मग चष्मा पुसत म्हणायचात, "हं, आता इथपर्यंत कसं यायचं ते बघू." त्या दिवशीही सकाळी अकरा ते एक चेंबरमध्ये तुम्ही आदेश सांगितलात. पोर आजीकडे राहील. मग चौदा परिच्छेद कारणं सांगितलीत. जेवणाची सुट्टी झाली. अडीच वाजता मला बोलावलंत आणि म्हणालात, "पाष्टे, सकाळचं सोडा. नवीन पान घ्या." साडेचारला उलटा निकाल वाचलात.

मी विचारलं नाही. स्टेनो विचारत नसतो. आज विचारतोय. त्या दीड तासात काय झालं?

गोदूबाईंच्या पोटात पाणी झालंय. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यांना एकच ध्यास आहे, इशिताला एकदा बघायचं. आणि इशिता अठरा वर्षांची झाली असून नोकरीसाठी सुरतहून परतून इथे काशीगावातच आहे, पण आजीकडे जात नाही. का जात नाही ते तुम्ही उत्तर दिलंत की सांगतो.

आपला,
आत्माराम पाष्टे

---

रोहा
१५ जानेवारी २०२५

श्री. पाष्टे,

पत्र मिळालं. प्रकृती ठीक असावी.

तुम्ही ज्या दाव्याचा उल्लेख करता त्याची कारणं निकालपत्रात सविस्तर दिली आहेत. न्यायाधीशाला जे सांगायचं असतं ते तो निकालात सांगतो. त्यानंतर त्याला बोलायचा अधिकार नसतो आणि माझ्या मते गरजही नसते. गोदूबाईंना निकाल मान्य नव्हता तर अपिलाचा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही.

सुनावणी संपल्यावरही न्यायाधीश विचार करत असतो. सकाळी एक मत झालं, कागदपत्रं पुन्हा चाळल्यावर दुसरं झालं, यात नवल काय? मत बदलणं हा न्यायाधीशाचा गुण आहे, दोष नव्हे.

सकाळचे परिच्छेद चौदा होते हे तुम्हाला आकड्यासकट आठवतं, याचं मात्र आश्चर्य वाटलं. कामाची वही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असते. तुम्ही केली असणारच असं मी धरून चालतो.

गोदूबाईंच्या आजाराचं वाचून वाईट वाटलं. आंब्याला यंदा मोहोर चांगला आहे.

म. टिपणीस

---

पेणकरपाडा
२२ जानेवारी २०२५

आदरणीय साहेब,

वही नष्ट केलेली नाही. बाकीच्या सगळ्या केल्या, ही एक बायकोच्या साड्यांच्या कपाटात अकरा वर्षं आहे. कारवाई करायची तर करा, पेन्शन थोडं कापलं जाईल.

कागदपत्रं पुन्हा चाळल्याचं तुम्ही लिहिलंत. साहेब, ती फाइल जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर होती. मी दाव्याचा नंबर उतरवत होतो.

सकाळचा सहावा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून देतो. "प्रतिवादी आजी ही मासे सुकवून विकते. मुलगी शाळेतून आल्यावर सुकत घातलेल्या बोंबलांखाली आजीजवळ बसून पाढे म्हणते, असं आजीने साक्षीत सांगितलं. कष्टाच्या वेळीही जी बाई मुलीला नजरेआड होऊ देत नाही आणि तिच्याकडून पाढे म्हणवून घेते, तिच्या मायेबद्दल शंका घेण्यास जागा नाही."

आता दुपारचा नववा. "मुलगी शाळेतून आल्यावर सुकत घातलेल्या बोंबलांखाली बसते, असं आजीने स्वतःच कबूल केलं आहे. घाणीच्या व दुर्गंधीच्या जागी, आजीच्या कामाच्या सोयीसाठी मूल बसवून ठेवणं हे त्याच्या हिताकडे दुर्लक्ष होय."

पोर तीच, बोंबील तेच, पाढेही तेच. फक्त दुपारी तुम्ही पाढे गाळलेत.

गोदूबाईंना निकाल वकिलाने समजावून सांगितला तेव्हापासून त्या एकच बोलतात. परवाही बोलल्या, "भाऊ, माजाच तोंड वाईट. मी बोंबलाचा बोलली नसती तर पोर गेली नसती. लबाडी करायची अक्कल न्हाय, तर गप तरी ऱ्हायची व्हती." अकरा वर्षं ही बाई खरं बोलल्याबद्दल स्वतःला शिव्या देतेय.

आणि इशिता. काशीगावात एका लॅबमध्ये ती रक्त घेते. डिसेंबरमध्ये साखर तपासायला गेलो आणि पावतीवर तिचं नाव बघून चमकलो. ओळख दिली, आजीचं सांगितलं. सुई काढून कापूस दाबत ती काय म्हणाली ऐका. "अंकल, मला तर आजीकडचं सगळं छान आठवतं. पण पप्पांकडे निकालाची कॉपी आहे, मी दहा वेळा वाचलीय. त्यात लिहिलंय ती मला घाणीत बसवून काम करायची. जज काय खोटं लिहिणार? मी लहान होते, मला नीट आठवत नसेल." मग पट्टी चिकटवताना म्हणाली, "आणि ती खोटं बोललीच ना माझ्याशी. त्या दिवशी जेवताना बोलली, आता तू कुठे नाय जाणार. संध्याकाळी मला देऊन टाकलं."

साहेब, हे शेवटचं खोटं गोदूबाईंचं नव्हे, माझं आहे. आता सांगूनच टाकतो. गोदूबाई आमच्या पेणकरपाड्यात टोपली घेऊन यायच्या, दहा वर्षं माझ्या घरी त्यांचीच मासळी होती. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. त्या दिवशी सुट्टीत व्हरांड्यात त्या पोरीला घेऊन बसल्या होत्या, डबा तसाच बांधलेला. मी सकाळचा आदेश लिहून नुकताच बाहेर आलो होतो. मला राहवलं नाही. जाता जाता म्हणालो, "काळजी सोडा, गोदूबाई. पोरीला पोटभर जेवू घाला." त्या समजल्या. त्यांनी पोरीला छातीशी धरलं. डबा उघडला. पोर भाकरी खाताना हसत होती, आणि मी लांबून बघून स्वतःवर खूश झालो होतो.

साडेचारला ती कोर्टाच्या बाकाला धरून ओरडत होती ते तुम्ही ऐकलंत. मी टाइप करत बसलो.

मला तुमची अब्रू घ्यायची नाही. पोरीला खरं कारण हवंय. माझ्या रेघोट्यांवर ती विश्वास ठेवणार नाही, तुमच्या सहीवर ठेवेल.

आत्माराम पाष्टे

---

पेणकरपाडा
१३ फेब्रुवारी २०२५

साहेब,

तीन आठवडे झाले. पत्र पोचल्याची पोच टपालखात्याकडून आली, तुमच्याकडून काही नाही.

काल उत्तनला गेलो होतो. गोदूबाई आता उठून बसत नाहीत. अंगणात बोंबील सुकत घातलेत, सून घालते. त्यांनी मला विचारलं, "पोर ये म्हनली का?" मी म्हटलं, तिला सुट्टी मिळत नाही. पुन्हा एक खोटं. माझ्या खोट्यांचा हिशोब तुम्ही नका ठेवू, पण एक खरं तरी पाठवा.

आ. पाष्टे

---

रोहा
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय पाष्टे,

चार वेळा लिहून फाडलं. तुम्ही समोर असतात तर सांगून मोकळा झालो असतो. हाताने लिहिताना प्रत्येक वाक्य मला दिसतं, आणि मग ते खोडावंसं वाटतं. सवयीने मी आधी कारणं लिहायला बसलो होतो. आता तुमच्या ओळखीच्या पद्धतीने लिहितो, आधी निकाल.

तो निकाल चूक होता. माझ्यामुळे चूक होता.

माझी पत्नी २००८ साली गेली हे तुम्हाला माहीत आहे. मुलगा साईराज तेव्हा पाच वर्षांचा. माझ्या दर तीन वर्षांनी बदल्या, म्हणून त्याला पुण्याला सासूबाईंकडे ठेवलं. थोडे दिवस, असं मी म्हणालो होतो. थोडे दिवस पाच वर्षं चालले. मी सुट्टीत जायचो. तो आधी धावत यायचा, मग चालत यायला लागला, मग हाक मारल्यावर.

२१ नोव्हेंबरला त्याचा दहावा वाढदिवस होता. सुट्टीत मी चेंबरमधून फोन लावला. सासूबाईंनी घेतला. म्हणाल्या, खेळतोय, नंतर करा. मागून त्याचा आवाज आला, स्पष्ट. "बाबा असतील तर सांग मी नाहीये."

फोन ठेवला. डबा उघडलाच नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बसलो आणि माझ्या डोक्यात एकच होतं, ही आजी लोकं मुलं तोडतात. पाष्टे, मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला हा विचार माझ्या सासूबाईंबद्दल आहे असं वाटलंच नाही. मला वाटलं, मला दावा आता नीट समजला. इतकं स्वच्छ दिसायला लागलं की सकाळी मी आंधळा होतो की काय असं वाटलं. मग तुम्हाला बोलावलं. कारणं भराभर सुचत गेली. एकही कारण खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. बोंबलांचा वास खराच होता. बाप नैसर्गिक पालक असतो हेही खरंच. खरी कारणं दोन्ही बाजूंना पुरतील एवढी नेहमीच असतात. चांगला न्यायाधीश ती उत्तम भाषेत मांडतो, आणि मी चांगला न्यायाधीश होतो.

आयुष्यभर मी पक्षकारांना म्हणत आलो, कायदा सांगेल तसं होईल. कायदा माझ्या टेबलावर गप्प बसला होता. बोलत मी होतो.

मुलीसाठी वेगळा कागद जोडला आहे, सही आणि तारखेसह. त्यात एवढंच लिहिलंय की आजीविरुद्धचा नववा परिच्छेद मी रागाच्या भरात लिहिला. तो राग तिच्या आजीवर नव्हता. सकाळी त्याच साक्षीवरून मी आजीच्या मायेची खात्री असल्याचं लिहिलं होतं. तुमच्या वहीतला सहावा परिच्छेदही उतरवून दिला आहे. तिला हेही लिहिलंय की आजीने तिला दिलं नाही, मी घेतलं.

व्हरांड्यातल्या त्या वाक्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही बोललात तेव्हा ते खरं होतं.

मनोहर टिपणीस

---

पेणकरपाडा
५ मार्च २०२५

आदरणीय साहेब,

तुमचं पत्र घेऊन लॅबमध्ये गेलो. इशिता जेवायला बसणार होती. कागद तिच्या हातात दिला आणि तुमचं मला आलेलं पत्रही दिलं. तुम्ही परवानगी दिली नव्हती, पण नुसत्या कागदाने तिला तुमचा राग कुणावरचा ते कळलं नसतं. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

तिने उभ्या उभ्याच दोन्ही वाचलं. सहाव्या परिच्छेदावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला. मला म्हणाली, "म्हणजे अंकल, मला आठवतं तेच खरं होतं?"

मी मान हलवली. ती स्टुलावर बसली आणि मोठ्याने रडली, रांगेतल्या पेशंटांसमोर. एवढी वर्षं स्वतःच्या आठवणींना खोटं म्हणत राहिलेली पोर आहे ती. तुमच्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. चिडली. "एका फोनसाठी?" असं दोनदा म्हणाली. तुम्हाला कळवतो कारण तुम्ही लपवाछपवी नको म्हणाल.

व्हरांड्यातलंही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ती भाकरी मला अजून आठवते." एवढंच.

रविवारी आम्ही उत्तनला गेलो. अंगणात शिरताना तिने नाकाला रुमाल लावला नाही, एवढं मी बघितलं. गोदूबाईंनी आधी ओळखलं नाही. इशिता खाटेवर बसली आणि बारापासून पाढे म्हणायला लागली. बाराचा झाला, तेराचा झाला. चौदाला अडली. गोदूबाई डोळे मिटून पडल्या होत्या, त्यांनी तिचा हात चाचपला आणि म्हणाल्या, "चवदाला तू नेहमीच अडायचीस." साहेब, मी बाहेर निघून आलो. म्हातारपणी माणसाने लोकांसमोर रडू नये.

संध्याकाळी इशिताने तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सगळं, फोनसकट. बोंबलांमुळे पोर गेली नाही हे त्यांना कळावं एवढाच माझा हेतू होता. मला वाटलं, आता तुम्हाला शिव्याशाप ऐकावे लागणार, आणि ते मला लिहून कळवावे लागणार. गोदूबाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग मला विचारलं,

"भाऊ, त्या सायबाला त्याचा पोरगा गावला का रं मंग?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "इचार त्याला. माजी पोर गेली ती गेली. त्याचा तरी घरी आला का?"

तर विचारतोय. त्यांचा श्वास लागतो, डॉक्टर फार दिवस देत नाहीत. लवकर कळवा.

आत्माराम पाष्टे

---

रोहा
१० मार्च २०२५

प्रिय पाष्टे,

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. नातेवाइकांनी नाही, मित्रांनी नाही. विचारला तो गोदूबाईंनी.

उत्तर असं आहे. त्या निकालानंतर चारच महिन्यांनी मी स्वतः पुण्याच्या कोर्टात अर्ज केला, साईराजच्या ताब्यासाठी. मी पक्षकार म्हणून बाकावर बसलो. समोरच्या न्यायाधीश बाई माझ्याहून लहान होत्या, हुशार होत्या. त्यांनी मुलाला आजीकडे ठेवलं. निकाल एकोणीस पानांचा. मी तो किती वेळा वाचला सांगता येणार नाही. कायद्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही प्रत्येक वेळी वाचताना मी शोधत होतो की त्या दिवशी त्यांना कोणाचा फोन आला असेल. अपील केलं नाही. अपिलात ते सापडणार नव्हतं. साईराज आता एकवीस वर्षांचा आहे. मी पाठवलेली पत्रं तो घेतो, परत पाठवत नाही, एवढं पोस्टमन सांगतो.

हे त्यांना वाचून दाखवू नका. साक्षीदाराने उत्तर समोर उभं राहून द्यायचं असतं, हे मी जन्मभर लोकांना सांगितलं. शनिवारी सकाळी मी तुमच्याकडे येतो. मला उत्तनला घेऊन चला. "नाही, भेटला नाही," असं मला गोदूबाईंना स्वतः सांगायचं आहे.

मनोहर टिपणीस

---

पेणकरपाडा
१३ मार्च २०२५

साहेब,

हे पत्र तुम्ही निघण्याआधी पोचणार नाही, तरी लिहितो. तुम्हाला फोन केला, तुम्हाला ऐकू आलं नाही, तुम्ही "बरं, बघू" म्हणून ठेवून दिलात.

गोदूबाई मंगळवारी पहाटे गेल्या. इशिता जवळ होती. तिने लॅबमधून आठ दिवसांची सुट्टी घेतली आहे आणि मामीबरोबर बोंबील घालते. मी तिला म्हणालो, साहेबांना आता येऊ नका म्हणून कळवतो, कोणाला उत्तर द्यायला येणार?

ती म्हणाली, "येऊ दे ना त्यांना. आजीने विचारलेलं होतं. मी ऐकून घेते."

आत्माराम